आत्याच्या पोह्याचा बोर्ड : कामाच्या नोंदी

९ मार्च

सकाळी आत्याचा फोन. नागपुरात सक्करदऱ्याकडे तिचं तर्री पोह्याचं दुकान आहे. भावाचा बोर्ड पेंटरकडून एकदा रंगवून घेतला, मग कांदा चढला की वर कागद, उतरला की त्या कागदावर दुसरा कागद. "तुझ्या दुकानात एवढे टीव्ही पडून असतात बापू, एक लावून दे ना माझ्याकडं. मोबाइलवरून भाव बदलता आला पाहिजे."

पडून असतात हे खरंच. एक ३२ इंची संच दोन वर्षांपासून भिंतीला टेकून आहे, गिऱ्हाईक पुन्हा आलंच नाही. आवाज येतो, चित्र नाही. खोलीतला दिवा घालवून काचेवर तिरका टॉर्च मारला तर मेनू अंधुक दिसतो. म्हणजे पॅनेल जिवंत, मागचा उजेड मेला. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त येणारी तक्रार. लोक म्हणतात 'एलईडी टीव्ही'. आहे तो एलसीडीच, फक्त पाठीमागची ट्यूब जाऊन एलईडीच्या पट्ट्या आल्या. काच स्वतः काही उजळत नाही. ती नुसती झडप, उजेड अडवायचा की सोडायचा एवढंच तिचं काम.

भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत दुकानावर येतो. त्याला म्हटलं, हे काम तुझं, मी नुसता वही लिहीन. अर्थात तसं होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

११ मार्च

पॅनेल उघडलं. हे काम घाईत करायचं नाही. काचेच्या कडेला चिकटलेल्या नाजूक पट्ट्या, ज्यांना आम्ही कॉफ म्हणतो, त्यातली एक जरी मुडपली तरी चित्रात कायमची उभी रेघ येते आणि संच कबाडीला जातो. दोघांनी दोन्ही बाजूंनी हात लावून काच उचलली आणि गादीवर पालथी ठेवली.

खालचे थर भाच्याला एकेक दाखवले. वरून पहिली प्रिझम शीट: बोट हळूच फिरवलं तर काही कळत नाही, पण उजेडाकडे धरली की तिच्यातून खिडकीच्या दोन खिडक्या दिसतात. तिच्यावर केसापेक्षा बारीक नाल्या असतात, उतरत्या छपरांसारख्या एकमेकींना लागून. मग उजेड पसरवणारा एक पातळ डिफ्युझर. मग दुधी रंगाची जाड डिफ्युझर प्लेट. तिच्याखाली दोन-तीन बोटं पोकळी आणि सगळ्यात तळाला पांढरी रिफ्लेक्टर शीट, तिच्या भोकांतून डोकावणारे एलईडी. तीन आडव्या पट्ट्या, एकेकीवर सहा, एकूण अठरा. प्रत्येकावर उलट्या वाटीसारखी लेन्स. ही लेन्स उजेड समोर नाही फेकत, बाजूला पसरवते. म्हणून तर अठरा ठिपक्यांत सगळा पडदा भरतो.

प्रत्येक शीटच्या कोपऱ्यावर मार्करने नंबर आणि बाण. मागे एकदा असं केलं नव्हतं आणि शीट उलटी बसली होती. अख्खा दिवस ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडींना करंट देणाऱ्या सर्किटवर, संशय घेण्यात गेला होता.

मधल्या पट्टीवरचा चौथा एलईडी काळा पडलेला. अठराही एकामागे एक जोडलेले, त्यामुळे एक तुटला की सगळे गेले. जुन्या दिवाळीच्या माळेसारखं.

१३ मार्च

बर्डीवर जाऊन पट्ट्या आणल्या. दुकानदाराने सहा व्होल्टवाल्या दिल्या, आपल्या तीन व्होल्टवाल्या. दिसायला सारख्याच. घरी येऊन टेस्टरवर लावल्यावर कळलं. परत चक्कर, परत पार्किंगचं भांडण. पुढे लिहिण्यासारखं काही नाही.

१५ मार्च

नव्या पट्ट्या लावल्या. पडदा उजळला, पण डावीकडे खाली जांभळट झाक. एक एलईडी निळा मारत होता.

भाच्याने विचारलं, पांढरा दिवा निळा कसा होतो? पांढरा तो नव्हताच. आत निळ्या उजेडाची चिप, वर पिवळं फॉस्फर. निळ्यातला काही भाग फॉस्फर पिवळा करून सोडतं आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. फॉस्फर जळालं किंवा माल हलका असला की खालचा निळा उघडा पडतो. लाल आणि हिरवे एलईडी १९६० आणि ७० च्या दशकांतच आले होते, पण चांगला भक्कम निळा १९९३ च्या सुमारास जपानमध्ये जमला. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा नसता तर टीव्हीमागे आजही पाऱ्याच्या ट्यूबा आणि त्यांना पेटवायला हजारभर व्होल्टचा इन्व्हर्टर राहिला असता. त्या इन्व्हर्टरचे झटके मी खाल्लेले आहेत. नोबेल योग्य हाती गेलं.

एलईडी बदलला. रंग एकसारखा झाला. दुकानात दिवे लावूनही बोर्ड झकास दिसतोय. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरं, भाच्याचं डिझाइन. करंट मोजला, ३३३ मिलिअँपिअर. ड्रायव्हरच्या, करंट ठरवणाऱ्या सेन्स रेझिस्टरवर ०.२ व्होल्ट आणि १.८ ओहमचे तीन रेझिस्टर समांतर, म्हणजे ०.६ ओहम. हिशोब बरोबर जुळला.

२२ मार्च

आत्याच्या दुकानात बोर्ड लावला. गल्ल्याच्या वर, जमिनीपासून सात-सव्वासात फुटांवर. तेलाचे शिंतोडे उडतील म्हणून पुढे चकचकीत पारदर्शक अॅक्रिलिक. सकाळी साडेआठला गर्दी असताना चालू केला.

आत्या दोन मिनिटं बघत राहिली. म्हणाली, "यात तर मला रस्ताच दिसून राहिला रे."

भाचा म्हणाला, "मामा, आरसाच लावला न आपण."

गिऱ्हाइकं सवयीने तोंडी भाव विचारत होती. बोर्डात समोरच्या घराची पांढरी भिंत, तिच्यावरची खिडकी, खिडकीतला कूलर, सगळं स्वच्छ दिसत होतं. पोहे किती रुपयाला, ते सोडून सगळं.

दोन प्लेट पोहे खाल्ले, तर्री वेगळी घेतली, आणि बोर्ड काढून परत आणला. आत्याने पैसे घेतले नाहीत. ते जास्त लागलं.

२४ मार्च

आता जे केलं ते लिहिताना थोडी लाज वाटते. मी सरळ म्हटलं, उजेड कमी पडतोय, वाढवू.

असा संच साधारण २५० ते ३०० निट्स (पडद्याच्या चमकेचं माप) देतो. बाहेर लावायचे जाहिरातीचे पडदे दोन-अडीच हजारांच्या घरात असतात. मग दुप्पट पट्ट्या का नाही? खरं तर मागे उजेड भरपूर असतो, पुढे पोचत नाही. काचेचा पहिला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा उजेड सोडणारा थर, निम्म्याहून जास्त खातो. लाल, हिरवा, निळा असे कलर फिल्टर उरलेल्यातले दोन वाटे खातात. ट्रान्झिस्टर आणि तारांची जाळी आणखी थोडा. मागून शंभर टाकले तर पुढे पाच-सात निघतात. एवढी गळती असताना मी नळ मोठा करायला निघालो होतो.

मोजायला महागडं मीटर नाही. मोबाइलचं लक्स अॅप, म्हणजे पडणारा उजेड मोजणारं, त्याच्यापुढे काळ्या कागदाची वीतभर नळी, म्हणजे समोरून येणारा उजेडच मोजला जाईल. आकडा खरा नसेल, पण तुलनेला चालतो. आजच्या पांढऱ्या पडद्याचा आकडा शंभर धरला.

२८ मार्च

तीनच्या जागी सहा पट्ट्या. पडद्याची उंची ३९ सेंटिमीटर, म्हणजे तेरा-तेरावर असलेल्या ओळी आता साडेसहावर. भंगारातल्या एका फुटक्या संचाची रिफ्लेक्टर शीट घेऊन भाच्याने नव्याने भोकं पाडली, चांगली पाडली. दुसऱ्या तीन पट्ट्यांना वेगळा ड्रायव्हर. एकाच ड्रायव्हरवर दोन माळा समांतर जोडल्या तर करंट सारखा वाटला जात नाही, एक माळ फुकट मरते.

नळीतून आकडा १८६. दोनशे का नाही? एलईडी तापला की कमी उजेड देतो. पाठीमागच्या पत्र्याला हात लावला आणि कारण हाताला कळलं. अठराच्या जागी ३६ वॉट, आणि मागचं झाकण बंद.

भाचा म्हणे, "मामा, मिनी एलईडी लावू." २०२१ च्या मोठ्या आयपॅड प्रोमध्ये दहा हजारांवर एलईडी आणि २,५९६ स्वतंत्र झोन होते, काळा भाग आला की तेवढेच विझतात. आमच्याकडे छत्तीस एलईडी आणि झोन एक: दुकान उघडं की बंद.

६ एप्रिल

बोर्ड पुन्हा आत्याकडे. सकाळी थोडा बरा दिसला. म्हणजे बोर्डात भिंतही दिसत होती आणि पोहेही दिसत होते, एकावर एक.

दुपारी चारला आत्याचा फोन: "बोर्ड सडून राहिला." गेलो तर खरंच तसं दिसत होतं. दुकानाचं तोंड पश्चिमेला, ऊन थेट काचेवर, आणि पडद्याच्या मध्यभागी शाईचा डाग पसरावा तसा काळा ढब्बा. आलूबोंडा अर्धा गिळलेला, समोसा पूर्ण. कड गुळगुळीत आणि बघता बघता सरकणारी. मी ताडपत्री लावून ऊन अडवलं. दहा-बारा मिनिटांत ढब्बा कडेकडेने आकसला आणि समोसा परत आला. आत्या म्हणाली, "नजर लागली होती."

इन्फ्रारेड थर्मामीटरने काच ७१ अंश दाखवली होती. बाहेर ४२.

हा बिघाड नव्हता. लिक्विड क्रिस्टलचे रेणू ठरावीक तापमानापर्यंतच एका दिशेत रांग धरून असतात. ती मर्यादा ओलांडली की रांग मोडते, पदार्थ साधा द्रव होतो, उजेडाला वळवू शकत नाही, आणि दोन आडव्या-उभ्या पोलरायझरमध्ये सगळं काळं होतं. थंड झालं की रांग पुन्हा लागते. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिडरिख राइनित्झर याला १८८८ मध्ये हेच दिसलं होतं. त्याचा पदार्थ १४५ अंशांच्या आसपास वितळून गढूळ झाला आणि १७८ अंशांच्या वर एकदम नितळ. एका पदार्थाचे दोन वितळबिंदू बघून तो चक्रावला. आम्हाला तोच दुसरा बिंदू आलूबोंड्यावर दिसला.

भाच्याला आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याला फार आवडली. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ५सीबी नावाचा पदार्थ केला. साध्या खोलीच्या तापमानाला चालणारा, टिकाऊ लिक्विड क्रिस्टल. घड्याळ-कॅल्क्युलेटरच्या पडद्यांचा रस्ता त्याने मोकळा केला. पण एकट्या ५सीबीची रांग ३५ अंशांना मोडते. हलच्या खोलीत ठीक, नागपुरात मार्चमध्येच गडप. म्हणून पुढे अनेक पदार्थांची मिश्रणं करत करत ती मर्यादा वर नेली. आमच्या पॅनेलची मर्यादा मी आज सत्तरीच्या आसपास शोधून काढली, कोणी सांगितलं नसताना.

आत ३६ वॉटची शेगडी, बाहेरून ऊन, पुढे अॅक्रिलिकचं बंद झाकण. चूल मीच मांडली होती.

१० एप्रिल

दोन दिवस बोर्डाला हात लावला नाही. वहीत आकडेमोड केली. मागच्या उजेडाची नाही, पुढच्या भिंतीची.

सकाळी सूर्य आमच्या इमारतीच्या मागे असतो, म्हणजे समोरच्या घरावर सरळ. भिंतीवर साठ हजार लक्स धरले. चुन्यासारखा पांढरा रंग त्यातला पाऊण भाग परत टाकतो. साठ हजार गुणिले ०.७५ भागिले ३.१४, म्हणजे भिंत १४,३०० निट्सने चमकते. अॅक्रिलिकचा प्रत्येक पृष्ठभाग चार टक्के परावर्तन करतो, पुढचा आणि मागचा मिळून आठ. म्हणजे भिंतीचं प्रतिबिंब अकराशे-साडेअकराशे निट्सचं.

आणि आमचा पडदा पूर्ण पांढरा असताना २८०. सहा पट्ट्या लावून पाचशे. पोह्याची आणि भिंतीची लढाई होती, आणि भिंतीच्या बाजूने सूर्य होता.

हा हिशोब २२ मार्चला पोहे खाता खाता करता आला असता.

११ एप्रिल

सकाळी भाच्याला घेऊन गेलो. सोबत फक्त दाढीचा आरसा. बोर्डाच्या जागी स्टुलावर चढून त्याने आरसा उभा धरला, मी गिऱ्हाइकाच्या जागी. दिसली भिंत, वरच्या मजल्याची. म्हटलं, वरची कड पुढे झुकव. दहा अंश झुकवला तरी भिंतच, पण खालची. आणखी. आरसा एक अंश झुकला की प्रतिबिंब दोन अंश खाली सरकतं, त्यामुळे फार लागत नाही. साधारण वीस अंशांना आरशात आला सावलीतला डांबरी रस्ता. एक स्कूटर गेली, एक गाय.

तिथल्या तिथे हिशोब: सावलीत सहा हजार लक्स, डांबर दहा टक्के परत टाकतं, म्हणजे १९० निट्स. त्याचे आठ टक्के पंधरा. अकराशेंच्या जागी पंधरा! एक लाकडी पाचर लावून.

रस्त्यावरचे लोक बघत होते. एकाने विचारलं, "काय शोधून राहिले?" भाचा म्हणाला, "गाय." तो माणूसही बघायला थांबला.

झुकवण्याचा दुसरा फायदा घरी आल्यावर लक्षात आला. प्रिझम शीटच्या नाल्या आडव्या असतात, त्या उजेडाला वरखाली फाकू देत नाहीत, समोर गोळा करतात. बोर्ड उंचावर सरळ होता तेव्हा तो गोळा केलेला उजेड गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून जात होता. आता त्यांच्या डोळ्यांत येईल.

१४ एप्रिल

आज दीक्षाभूमीकडे गर्दी, दुकान अर्धा दिवस बंद. दुपारी शांतपणे शीटा घेऊन बसलो.

भंगारात प्रिझम शीटांची चळत आहे. दुसरी प्रिझम शीट पहिलीवर आडवीला उभी अशी ठेवली. आकडा (तीन पट्ट्यांवर) शंभरचा १३१. उजेड फुकट वाढला म्हणून खूश झालो. मग बाजूला सरकून पाहिलं तर पडदा मंद. उभ्या नाल्यांनी डावी-उजवीकडे जाणारा उजेडही मध्ये ओढून घेतला होता. आत्याकडे रांग लागते ती उजव्या हाताला, तर्रीच्या भांड्याकडे. जे पैसे देणार त्यांनाच भाव दिसायचा नाही. काढून टाकली.

मग माळ्यावरचा जुना ४२ इंची आठवला, ट्यूबवाला, कोणीतरी फेकून दिलेला. त्या काळच्या चांगल्या संचांत वरची शीट वेगळी असायची. काढून पाहिली तर हीच: चंदेरी, अर्धवट आरशासारखी, दिसायला उजेड अडवणारी वाटते. डीबीईएफ. नवखा माणूस हिला रिफ्लेक्टर समजून टाकून देतो, मीही दिलेल्या आहेत.

तिचं काम भाच्याला असं सांगितलं. पॅनेलच्या दाराशी पोलरायझर नावाचा दरबान आहे. तो आडव्या कंपनाच्या उजेडाला आत सोडतो, उभ्याला जागीच मारून टाकतो, त्याची उष्णता होते. ही शीट दरबानाच्या आधी उभी राहते. चुकीच्या कंपनाचा उजेड ती मारत नाही, मागे पाठवते. तो तळाच्या पांढऱ्या कागदावर आपटतो, त्याचं कंपन विस्कटतं, आणि परत रांगेत येतो. यावेळी त्यातला निम्मा पास. उरलेला पुन्हा मागे.

पण दिशा जुळली पाहिजे. पॅनेलवर पांढरं चित्र लावलं, मागून टॉर्च, मध्ये शीटचा कोपरा. आडवी धरली तर उजेड येतो, उभी केली की गुडूप. आडवी जुळली हे नशीब, कारण ४२ इंचीतून ३२ ची उभी कापता आली नसती, उंची पुरली नसती. स्टीलची पट्टी, नवी ब्लेड, श्वास रोखून. भाच्याने कापली.

१७ एप्रिल

करंट उतरवला. दोन्ही ड्रायव्हरवरच्या तीनपैकी एकेक सेन्स रेझिस्टर उचलला. ०.६ चे झाले ०.९ ओहम, ३३३ चे २२२ मिलिअँपिअर. सहा पट्ट्या मिळून आता २३-२४ वॉट. डीबीईएफसह आकडा १७६.

म्हणजे ३६ वॉटला १८६, आणि आता २४ ला १७६. पत्र्यावर हात ठेवून चहा पिता येतो.

गिऱ्हाइकांच्या संचांतही मी एक रेझिस्टर उचलूनच देतो. कंपनीतून पट्ट्या खेचून चालवलेल्या येतात, शोरूममध्ये शेजारच्या संचापेक्षा उजळ दिसायला. घरी कोणाला फरक कळत नाही आणि पट्टी जास्त जगते. काही कारागीर हे करत नाहीत. गिऱ्हाईक वर्षभरात परत आलं पाहिजे, असं त्यांचं मत असावं.

मागच्या झाकणाला खाली आणि वर भोकांच्या रांगा पाडल्या, गरम हवा आपोआप वर निघेल. अॅक्रिलिक काढून टाकलं. पॅनेलचा स्वतःचा पृष्ठभाग मॅट आहे. तेलाचं काय? कढई चार फूट सरकवायची, असं आत्याला सांगायचं ठरलं. सांगणार भाचा.

२० एप्रिल

लावला. वीस अंशांची पाचर, वर दोन फुटांचा पत्र्याचा छज्जा, दुपारच्या उन्हासाठी. कढई सरकली, पण आत्या दोन दिवस बोलणार नाही.

सकाळी पावणेनऊ. भाव दिसतात. रांगेतल्या शेवटच्या माणसालाही.

तरी काळ्या भागात काहीतरी हलताना दिसतं, पांढरा शर्ट घातलेला माणूस आला की त्याचं भूत. भाचा बराच वेळ बघत होता. मग मोबाइल काढला आणि डिझाइन उलटं केलं: पांढऱ्यावर काळी अक्षरं. भूत गेलं. प्रतिबिंब काळ्यावर उठून दिसतं, पांढऱ्यात मिसळून जातं. शिवाय काळी पार्श्वभूमी म्हणजे छत्तीस एलईडी पेटवायचे आणि झडपा लावून त्यांचा उजेड आतच कोंडायचा. महिनाभर आपण तेच करत होतो. मी पट्ट्या आणि शीटा मोजत होतो, आणि हा बदल दोन मिनिटांचा, फुकटचा. त्याला शाबासकी दिली, पण थोडी कमीच.

३ मे

आत्याच्या नातवाने दुकानाचं रील काढलं, त्यात बोर्डावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. उजेड कमी करायला संचातलं सर्किट मागच्या एलईडींना सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतं, डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. उजेड कमी करणारी डिमिंगची पिन कायमची पाच व्होल्टला बांधली. उजेड किती ठेवायचा ते रेझिस्टर ठरवतोच आहे. पट्टे गेले.

२३ मे

बाहेर ४५. सव्वाचारला मुद्दाम जाऊन थांबलो. छज्जाची सावली काचेच्या खालच्या कडेजवळ पोचते, चार बोटं ऊन उरतं, तेही तिरकं. काच ५८. ढब्बा नाही. आत्याने न विचारता आलूबोंडा पुढे केला, म्हणजे कढईचं प्रकरण मिटलं.

२१ जून

पाऊस लागला. रात्री बोर्डाभोवती पाखरांचा घोळका.

सकाळी आत्याचा फोन: "अरे, तुझ्या भाच्याला शुद्धलेखन येत नाही का? पोह्यावर टिंब देऊन ठेवलं." भाचा म्हणे, मी काही बदललं नाही. जाऊन पाहिलं. 'पो'च्या डोक्यावर नीट मधोमध काळा ठिपका. पोंहा. बोटाने पुसला, जात नाही. मोबाइलवरून अक्षरं बाजूला सरकवली, ठिपका तिथेच.

बारीक पाखरू. मी पाडलेल्या भोकांतून आत गेलं आणि वरच्या शीटच्या आणि काचेच्या मध्ये जाऊन मेलं. डिफ्युझरच्या खाली मेलं असतं तर नुसती पुसट सावली पडली असती. हे नेमकं सगळ्यात वर, म्हणून कड एवढी स्वच्छ.

भोकांना आतून मच्छरदानीची जाळी लावायची. त्यासाठी काच उचलायची, नंबर घातलेले सगळे थर उतरवायचे. रविवारी दुपारी, दुकान बंद झाल्यावर. तोवर भाच्याने मेन्यू एक ओळ खाली सरकवला आहे. ठिपका आता कोऱ्या जागेत आहे.